अरुंधतीच्या अलीकडचा तारा

अरुंधती दाखवायची असेल तर आधी अरुंधती दाखवायची नाही. आधी तिच्या शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा, "हीच अरुंधती" म्हणून सांगायचं, आणि समोरच्याची नजर तिथं नीट बसली की म्हणायचं, "ही नव्हे, हिला खेटून जी बारीक चांदणी आहे ना, ती." संस्कृतात याला स्थूलारुंधती न्याय म्हणतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टान्त घेतला आहे, आणि वेदान्तात तो सूक्ष्म तत्त्व समजावण्यासाठी वापरतात. मला त्याचं मोल आणखी एका कारणासाठी वाटतं. मंद तारा कसा शोधावा याची इतकी नेमकी कृती दोन शब्दांत दुसरीकडं कुठं सापडत नाही. हातात उघडा डोळा असो, बायनॉक्युलर असो की आठ इंची दुर्बीण, रीत हीच: ठळकावरून मंदाकडं, आणि मंदावरून त्याहून मंदाकडं.

त्याहून मंदाकडं असं मुद्दाम म्हटलं, कारण अरुंधती हा या वाटेचा शेवट नाही. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्या मधोमध, दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा बाजूला, आणखी एक तारा आहे. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. लग्नाच्या मंत्रात तो नाही, पुराणातही नाही. पण एका जर्मन प्राध्यापकानं त्याला ग्रह समजून राजाचं नाव दिलं होतं. या लेखाचं मुक्कामाचं ठिकाण तो तारा आहे. तिथवर पोचायला मात्र वसिष्ठावरूनच जावं लागतं.

आधी प्रत म्हणजे काय ते. ताऱ्याचा ठळकपणा प्रतीत मोजतात, आणि आकडा वाढला की तारा मंद. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीच पट फरक. हे अडीचचं (नेमकं २.५१२) प्रमाण नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचवलं. हेच पॉगसन १८६१ पासून मद्रासच्या वेधशाळेत होते. सप्तर्षींपैकी सहा तारे दुसऱ्या प्रतीच्या आसपासचे आहेत. सातवा, म्हणजे चौकोन आणि शेपटी जिथं जुळतात तिथला अत्री, ३.३ प्रतीचा. वसिष्ठ सुमारे २, अरुंधती ४ आणि मधला तारा ७.६. म्हणजे अरुंधती वसिष्ठापेक्षा सहा पटींहून अधिक मंद, आणि मधला तारा अरुंधतीपेक्षाही सत्तावीस-अठ्ठावीस पट मंद.

या आकड्यांतून घरच्या गच्चीवर करता येईल अशी एक चाचणी निघते. अरुंधती शोधायच्या आधी अत्री बघा. तो सहज, डोळे न ताणता दिसला तर अरुंधती तुमच्या टप्प्यात आहे. अत्रीच चाचपडत शोधावा लागत असेल तर त्या रात्री, त्या गच्चीवरून अरुंधतीचा हट्ट धरू नका. दोष डोळ्यांचा नाही, आकाशाचा आहे. ही अत्रीची पायरी गाळून लोक थेट वसिष्ठाकडं टक लावतात, पाच मिनिटांत कंटाळतात आणि "आपले डोळे गेले आता" म्हणत खाली उतरतात.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात म्हटलं आहे की सप्तर्षींजवळची अरुंधती ज्याला दिसत नाही त्याचं आयुष्य वर्षभरातच संपतं. याचा धसका घेणारी माणसं आजही भेटतात. त्यांना सांगावंसं वाटतं की हे लिहिलं गेलं तेव्हा रात्र खरोखरच काळी होती. चौथ्या प्रतीचा तारा त्या आकाशात ठळकच म्हणायचा. तो दिसेनासा होणं म्हणजे नजर बरीच खालावल्याचं लक्षण, आणि तेव्हा त्यावर उपाय नव्हता. आज उपाय आहे. अंधाऱ्या गावी, स्वच्छ रात्री, सोबतच्या चौघांना अरुंधती दिसते आणि तुम्हाला दिसत नाही, असं झालं तर लांबचा नंबर तपासून घ्या, आणि वय झालं असेल तर मोतीबिंदूही. पुष्कळदा नंबर अर्ध्यानं वाढलेला असतो, एवढंच. अंधारात बाहुली मोठी होते, भिंगाच्या कडेचा भाग वापरात येतो आणि दिवसा खपून जाणारा लहानसा नंबर रात्री तारे फिसकटवतो. चश्मा असेल तर तो लावूनच बघा. अरबांनीही याच ताऱ्यावर नजर पारखली. त्यांनी त्याला सुहा म्हटलं, नजरेतून निसटलेली.

खरं तर अंतराचा प्रश्न नसतोच. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात जवळजवळ १२ कलांचं (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. निरोगी डोळा एका कलेइतक्या जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखतो. अडचण असते ती शेजाऱ्याच्या झळाळीची आणि आभाळाच्या उजळलेपणाची. म्हणून नुसतं रोखून बघण्यानं काम होत नाही. डोळा तयार करावा लागतो.

गच्चीवर आल्यावर पहिली वीस मिनिटं काही शोधू नका. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशा बेतानं सतरंजी टाका आणि उत्तरेकडं पाय करून पडून राहा. उभं राहून मान वर करून पाहिलं की मानेबरोबर नजरही डळमळते. अंधाराला सरावायला डोळ्यातल्या दंडपेशींना, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशींना, वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या पडद्यावरचा एक दृष्टिक्षेप ती कमाई घालवतो. वेळ बघायची असेल तर साधं घड्याळ आणि लाल जिलेटिन लावलेली बॅटरी ठेवा. समोरच्या इमारतीचा दिवा टळत नसेल तर डोक्यावरून चादर घ्या, फोटोवाले पूर्वी घ्यायचे तशी. विचित्र दिसतं, पण फरक लगेच कळतो.

यानंतर तिरकी नजर. डोळ्याच्या मधोमध, जिथं आपण वाचताना अक्षर धरतो, तिथं दंडपेशी नसतात. त्यामुळं मंद ताऱ्याकडं थेट पाहिलं की तो विझतो आणि जरा बाजूला पाहिलं की उजळतो. बाजूला म्हणजे कुठल्या बाजूला, हे सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येक डोळ्याला एक आंधळा ठिपका असतो आणि तो कानशिलाच्या बाजूला पडतो. तारा नेमका त्यावर गेला तर पूर्ण नाहीसा होतो. म्हणून एका डोळ्यानं बघताना तारा नाकाच्या बाजूला ठेवायचा. उजवा डोळा असेल तर नजर ताऱ्याच्या उजवीकडं, डावा असेल तर डावीकडं. हाताची मूठ लांब धरली की ती साधारण दहा अंश व्यापते. तेवढं किंवा थोडं जास्त बाजूला पाहायचं. आणि श्वास रोखून धरायचा नाही. श्वास रोखला की प्राणवायू कमी पडतो आणि दंडपेशी आधी मंदावतात.

आता शोधायचं कुठं आणि केव्हा, हे महाराष्ट्रापुरतं नेमकं सांगता येतं. पुण्याहून वसिष्ठ जास्तीत जास्त साडेत्रेपन्न अंश चढतो, नागपूरहून छप्पन्न, पणजीहून पन्नास-एक्कावन. १५ मार्चच्या आसपास रात्री दहाला तो ईशान्येला क्षितिजापासून तीन मुठींवर असतो. १० मेच्या सुमारास रात्री नऊला पावणेपाच मुठींवर, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊच्या सुमारास अगदी उत्तरेला, माथ्यावर. तेव्हा सप्तर्षींचा पतंग पालथा दिसतो. शेपटीच्या टोकाला मरीची आणि त्याच्या अलीकडचा दुसरा तारा वसिष्ठ. विदर्भातल्या गोंड समाजात हा चौकोन खाट मानला जातो आणि शेपटीचे तिघे ती पळवायला आलेले चोर. त्या हिशेबानं मधला चोर वसिष्ठ.

अरुंधती वसिष्ठाच्या कुठल्या अंगाला बघायची, तेही रात्रीगणिक बदलतं, आणि नवखा माणूस इथं हमखास फसतो. सप्तर्षी ईशान्येला वर येत असताना ती वसिष्ठाच्या खाली असते. उत्तरेला माथ्यावर आले की उजवीकडं, किंचित खाली. वायव्येला कलले की ती वर जाते. आकृती ध्रुवाभोवती फिरते, जोडी आपापसांत हलत नाही.

हवेचं म्हणाल तर एप्रिल-मे दिसायला मोकळे आणि प्रत्यक्षात धुरकट. धुळीचा थर क्षितिजापासून पंचवीस-तीस अंशांपर्यंत तारे गिळतो, म्हणून मार्चमध्ये आठ वाजता घाई करण्यापेक्षा दहा वाजेपर्यंत थांबणं बरं. मेमध्ये एखादा वळवाचा पाऊस झाला आणि त्याच रात्री आभाळ निवळलं, तर ती रात्र सोडू नका. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि वर्षातलं बहुधा सर्वात काळं आकाश तेव्हा मिळतं. मग पावसाळा. ऑक्टोबरात आकाश उघडतं तेव्हा सप्तर्षी संध्याकाळच्या आकाशातून गेलेले असतात. थंडीत त्यांना पहाटे गाठायचं. १५ डिसेंबरला पहाटे पाचला साडेतीन मुठींवर, १५ जानेवारीला पाचला पाच मुठींवर. पहाटे वाहनं कमी, धूर खाली बसलेला, अर्ध्या गावाचे दिवे मालवलेले. उठवत असेल तर हीच सर्वोत्तम वेळ. चंद्राचं गणित पंचांगावरून करा. संध्याकाळी बघायचं तर वद्य पंचमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या रात्री घ्याव्या.

याच गणिताला धरून लग्नाचं. आश्वलायन गृह्यसूत्रात वधूनं ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहून मगच मौन सोडावं असं सांगितलं आहे. तो रात्रीचा, उघड्या आकाशाखालचा विधी होता. आज मुहूर्त भर दुपारचा असतो, आणि मार्गशीर्षातल्या संध्याकाळच्या लग्नात तर वसिष्ठ-अरुंधती क्षितिजाच्या बरंच खाली असतात. १५ डिसेंबरला ते पुण्यात रात्री साडेबाराच्या सुमारास उगवतात. ज्या दिशेला बोट दाखवून नमस्कार होतो तिथं ते नसतात. मला यात कुणाची चूक काढायची नाही. वाटतं एवढंच, की ज्यांच्या लग्नात हा विधी झाला त्यांनी पुढच्या फाल्गुनात-चैत्रात एका रात्री गच्चीवर जाऊन तो पुरा करावा. बघायला सांगितलं होतं, तर एकदा बघावं.

लग्नसराईत फिरणाऱ्या एका संदेशाबद्दलही सांगायला हवं. इतर जोड्यांत एक तारा दुसऱ्याभोवती फिरतो, पण वसिष्ठ-अरुंधती एकमेकांभोवती फिरतात आणि हे ऋषींना ठाऊक होतं म्हणून हा विधी, असं त्यात असतं. गुरुत्वाकर्षणानं बांधलेली कुठलीही जोडी, अगदी पृथ्वी-चंद्रसुद्धा, दोघांच्या सामाईक केंद्राभोवतीच फिरते. यात या जोडीचं वेगळेपण काही नाही. वेगळेपण आहे ते दुर्बिणीतून दिसतं, आणि ते या दाव्यापेक्षा फार मोठं आहे.

साठ-सत्तर मिलिमीटरची साधी भिंगाची दुर्बीण घ्या. नाभीय अंतर ९०० मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावला की ३६ पट मोठं दिसतं. एवढं पुरे. वसिष्ठ स्वतःच दोन तुकड्यांत फुटतो: एक ठळक, एक त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही मंद, मधे साडेचौदा विकलांचं (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) अंतर. त्याच क्षेत्रात, बऱ्याच लांब, अरुंधती. वसिष्ठ दुहेरी आहे हे बेनेडेट्टो कास्तेल्ली यांनी १६१७ मध्ये गॅलिलिओंना कळवलं. दुर्बिणीतून दुहेरी दिसलेल्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी हा. १८५७ मध्ये जॉर्ज बाँड यांनी हार्वर्डला ओल्या कलोडियनच्या काचेवर वसिष्ठाची जोडी आणि अरुंधती यांचा फोटो घेतला. १८८९ मध्ये हार्वर्डच्याच एडवर्ड पिकरिंग यांनी दाखवलं की वसिष्ठाच्या ठळक तुकड्याच्या वर्णपटातल्या रेषा काही दिवस दुहेरी होतात आणि पुन्हा एक होतात. म्हणजे तो तुकडाही दोन तारे मिळून बनला आहे, आणि ते साडेवीस दिवसांत एक फेरी पुरी करतात. त्या वर्णपटांच्या काचांवर अँटोनिया मॉरी यांनी बारकाईनं काम केलं होतं. पुढं मंद तुकडाही दुहेरी निघाला. आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक लाल, खुजा सोबती असल्याचं कळलं. चार अधिक दोन, सहा. आपल्यापासून ८०-८३ प्रकाशवर्षांवर सहा जणांचं कुटुंब, आणि उघड्या डोळ्यांना दोन ठिपके.

मधला तारा या कुटुंबातला नाही. तो त्यांच्या कितीतरी मागं आहे, आपल्याकडून बघताना योगायोगानं त्या दोघांच्या मधे आला आहे, इतकंच. गीसनचे प्राध्यापक योहान गेओर्ग लीबक्नेख्ट यांनी १७२२ च्या डिसेंबरात तो पाहिला. ते गणितज्ञ आणि धर्मशास्त्री होते. मोजमापांत तो शेजाऱ्यांच्या तुलनेत सरकलेला वाटला, तेव्हा त्यांनी ग्रह सापडला म्हणून जाहीर केलं आणि हेसे-डार्मस्टाट संस्थानाच्या लँडग्रेव्ह लुडविगच्या नावावरून त्याला सिडस लुडोविशियाना म्हटलं. तो ग्रह नव्हता. सरकला होता तो मोजणीचा काटा. पुढं साठेक वर्षांनी, १७८१ मध्ये, विल्यम हर्शेल यांना खराच ग्रह सापडला आणि त्यांनीही त्याला आपल्या राजाचं नाव दिलं. ते नाव टिकलं नाही, युरेनस टिकलं. लुडविगचं नाव मात्र त्या मंद ताऱ्याला अजून चिकटून आहे.

लीबक्नेख्ट यांच्याबद्दल मला आदर वाटतो. मंद तारा एकदा दिसला आणि दुसऱ्या रात्री किंचित दुसरीकडं दिसला, तर हलला कोण, तारा की आपण, हे ठरवणं अजूनही निरीक्षकाचं सगळ्यात कठीण काम आहे. आणि हा तारा तेच काम शिकवायला उत्तम आहे, कारण त्याच्या दोन्ही अंगांना दोन पक्के खांब रोवलेले आहेत.

त्याच्यासाठी १०×५० चा, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारा आणि पन्नास मिलिमीटर भिंगाचा, बायनॉक्युलर पुरतो. पन्नास मिलिमीटरचं भिंग सहा मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा सुमारे सत्तर पट प्रकाश गोळा करतं, म्हणजे साडेचार प्रतींहून जास्त फायदा. ज्या गच्चीवरून अरुंधती कशीबशी दिसते तिथून हिशेबानं साडेआठव्या प्रतीपर्यंत जायला हवं. भिंगांतली गळती आणि हाताचा कंप धरला तर आठाच्या अलीकडं थांबतो, म्हणजे ७.६ अगदी उंबरठ्यावर. ७×५० घेतला तर त्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटरचा असतो. चाळिशीनंतर बाहुली तेवढी उघडत नाही आणि कडेचा प्रकाश वाया जातो, शिवाय शहरात पार्श्वभूमी उजळ दिसते. झूमवाले घेऊ नका. त्यांत क्षेत्र अरुंद होतं आणि दोन नळ्यांचा मेळ लवकर बिघडतो.

दहा पट मोठं केल्यावर वसिष्ठ आणि अरुंधती दोन अंश लांब दिसतात, चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत तितके. त्या मोकळ्या पट्टीत आपला तारा आहे. पण हातात धरलेला बायनॉक्युलर थरथरतो आणि थरथरणारा मंद ठिपका रेघ होऊन पुसला जातो. ट्रायपॉडला लावायचा अडॅप्टर मिळतो, तो घ्या. नसेल तर आरामखुर्चीत पडून कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवा, किंवा झाडूचा दांडा जमिनीवर उभा धरून त्याच्या टोकावर बायनॉक्युलर टेकवा. उजव्या-डाव्या डोळ्यांचा फोकस वेगवेगळा करायचा असतो. आधी डावा डोळा उघडा ठेवून मधली चकती फिरवायची, मग उजवा उघडून उजव्या आयपीसवरचं कडं. ठळक वसिष्ठावर फोकस करू नका, अरुंधतीवर करा. ठळक ताऱ्याचा फोकस थोडा चुकला तरी कळत नाही, मंद ताऱ्याचा चुकला तर तो नाहीसाच होतो.

मग ठळकावरून मंदाकडं. वसिष्ठ, अरुंधती, त्यांच्यामधली रेषा, रेषेच्या मध्याजवळ किंचित एका बाजूला. तिरक्या नजरेनं थांबा. तारा लखलखत नाही. दोन-चार सेकंद असतो, जातो, त्याच जागी परत येतो. तीनदा त्याच जागी आला तर तो खरा.

खोटे कसे ओळखायचे? काचांमधल्या उलटसुलट परावर्तनानं वसिष्ठाचं एक फिकट भूत तयार होतं आणि तेच तारा वाटतं. बायनॉक्युलर जरासा हलवा. खरा तारा वसिष्ठाबरोबर, तेवढाच सरकतो, भूत उलट दिशेला पळतं. वसिष्ठ दोन दिसत असेल तर एक डोळा मिटा. एक झाला तर नळ्यांचा मेळ बिघडलाय. दोनच राहिले तर मान तिरकी करून बघा. दुसरा ठिपका मानेबरोबर फिरला तर तो तुमच्या डोळ्याचा, म्हणजे दृष्टिदोषाचा. दहा पटींत वसिष्ठ खरोखर दुहेरी दिसणं फारच अवघड, पंधरा पटींपासून पुढं शक्य होतं.

दुर्बिणीत मधला तारा सोपा आहे, पण तिथंही माणसं पट वाढवून घोटाळा करतात. दीडशे पटींत क्षेत्र इतकं लहान होतं की वसिष्ठ मधोमध धरला तर अरुंधती बाहेर जाते आणि खुणेचा एक खांब हरवतो. चाळीस-पन्नास पटींवर राहा. गच्चीचा स्लॅब मे महिन्यात दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तारे उकळत्या पाण्यात पडल्यासारखे थरथरतात. अंगणात, मातीवर किंवा गवतावर दुर्बीण मांडली तर निम्मा त्रास कमी. नळीही बाहेरच्या हवेला अर्धा तास आधी ठेवा. हिवाळ्यात पहाटे भिंगावर दव धरतं आणि तारे धूसर होतात. भिंग पुसायला जाऊ नका, काच चरते. जाड काळ्या कागदाची, भिंगाच्या व्यासाच्या दीडपट-दुप्पट लांब नळी करून पुढं चढवा.

पूर्ण काळं आकाश हवं असेल तर आपल्याकडं पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आणि एकट्यानं सुरुवात करायची नसेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवत आली आहे. अनुभवी माणसाच्या शेजारी पडून पाहिलं तर पहिल्या रात्रीच अरुंधती सापडते.

तिघे सापडले की एक प्रयोग करावा. भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्राला अपशकुन सांगतात, त्यांत अरुंधतीनं वसिष्ठाला मागं टाकलं असं एक वाक्य आहे. त्यावरून महाभारताचा काळ काढण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, कारण पृथ्वीचा आस हजारो वर्षांत फिरतो आणि कोण आधी माथ्यावर येतो हा क्रम त्यानं बदलू शकतो. अपशकुनांच्या यादीतल्या एका ओळीवर एवढं ओझं ठेवावं असं मला वाटत नाही. पण आज पुढं कोण आहे ते स्वतः मोजता येतं. उत्तरेला पन्नासेक मीटरवर उंच इमारतीची सरळ उभी कड शोधा, आणि ती कड बरोबर ध्रुवाच्या रेषेत येईल अशा जागी बसा. डोकं भिंतीला टेकवून एक डोळा मिटा. दोघे उजवीकडून डावीकडं सरकत जातात. वसिष्ठ कडेआड गेला की घड्याळ सुरू करा, अरुंधती गेली की बंद. सुमारे ७८ सेकंद भरायला हवेत.

कमी-जास्त आले तर कारणं ठरलेली आहेत. कड ओळंब्यात नसेल किंवा ध्रुवाच्या रेषेत नसेल तर अंतर बदलतं, कारण अरुंधती थोडी खाली आहे. डोकं हललं तरी बदलतं. पन्नास मीटरवर डोकं एक सेंटिमीटर हललं तर पाऊण कलेइतकी चूक होते, तीन मीटरवरच्या दोरीला तेवढ्याच हलण्यानं अकरा कलांहून अधिक, म्हणजे जवळजवळ वसिष्ठ-अरुंधती एवढीच. जवळ दोरी टांगून हा प्रयोग कधीच का जमत नाही, ते एवढ्यावरून कळतं. शिवाय दोरी बाहुलीपेक्षा बारीक असते, तारा तिच्यामागं पूर्ण झाकलाच जात नाही.

आणि चित्र काढा. पेल्याचा काठ धरून कागदावर वर्तुळ, तारीख, घड्याळाची वेळ, गाव, तिथी, साधन. आधी वसिष्ठ, मग अरुंधती, मग डोळा पुन्हा आयपीसला लावून तिसरा ठिपका. वर्तुळाबाहेर बाण करून क्षितिज कुठल्या बाजूला होतं ते लिहा, कारण महिन्याभरानं त्याच वेळी बघाल तेव्हा सगळी आकृती वळलेली असेल. दोन महिन्यांची दोन चित्रं झाली की कागद दिव्यासमोर धरून, वसिष्ठावर वसिष्ठ आणि अरुंधतीवर अरुंधती येईपर्यंत फिरवा. तिसरा ठिपका जुळायला हवा. रेषेच्या एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला पडला असेल तर घाबरून जाऊ नका. एक चित्र बायनॉक्युलरमधून काढलं होतं का आणि दुसरं भिंगाच्या दुर्बिणीतून, ते आधी आठवा. त्या दुर्बिणीच्या शेवटाला नव्वद अंशांचा आरसा असतो, आणि तो डावं-उजवं उलटवतो.